ट्रेड्सवर बिल वटवताना: दीड वर्षाचा अनुभव

साकीनाक्याच्या एका गाळ्यात आमचे लेथ वर्कशॉप आहे. कामगार नऊ आणि मोठे खरेदीदार दोन. ताळेबंदात धंदा नफ्यात दिसतो, पण ७ तारखेला पगार काढताना सी.सी. खात्याची (कॅश क्रेडिट, म्हणजे बँकेकडून ठरावीक मर्यादेपर्यंत उचल देणाऱ्या खात्याची) मर्यादा किती उरली आहे हेच आधी पाहावे लागते. ही ओढाताण ज्यांच्या परिचयाची आहे, त्यांच्यासाठी ट्रेड्स (TReDS) या, लहान उद्योगांची बिले मुदतीआधी वटवून देणाऱ्या ऑनलाइन व्यवस्थेचा हा अनुभव लिहीत आहे.

पूर्वी पेढीवर हुंडी वटवत, तसेच येथे बिल वटते. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि २०१७ पासून असे ऑनलाइन मंच सुरू झाले. आपण बिल चढवायचे, खरेदीदाराने ते मान्य करायचे, मग बँका आणि एनबीएफसी (बिगर-बँक वित्त कंपन्या) त्यावर बोली लावतात. त्यांतली पटेल ती स्वीकारली की एकदोन दिवसांत वटाव (आगाऊ पैशांवरचे व्याज) वजा होऊन रक्कम खात्यात जमा होते. मुदत भरल्यावर पैसे चुकते करण्याची जबाबदारी खरेदीदाराची असते आणि त्याने ते बुडवले, तरी वसुलीसाठी कोणी आपल्या दारात येत नाही. बोली त्याची पत पाहून लागत असल्यामुळे मला ९ टक्क्यांच्या आसपास दर मिळतो, जो माझ्या सी.सी.पेक्षा निश्चितच कमी आहे. नोंदणीला उद्यम (लघुउद्योग नोंदणीचे) प्रमाणपत्र लागते. ती कटकट एकदाच होते.

खरी अडचण ‘मान्य’ या एका बटणात आहे. अलीकडचे एक बिल ४ लाखांचे, १८ टक्के जीएसटी धरून ४,७२,००० रुपयांचे होते. पैसे हाती आलेले असोत वा नसोत, कच्च्या मालावर आधीच भरलेल्या कराचे क्रेडिट वजा जाता उरलेला कर पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरावाच लागतो. ४५ दिवसांचा वटाव सुमारे ५,२०० रुपये झाला असता. प्रत्यक्षात तो ३,८०० च्या आसपासच कापला गेला, कारण बिल मान्य व्हायलाच १२ दिवस लागले आणि वटाव उरलेल्या ३३ दिवसांचाच लागला. तेवढे पैसे वाचले खरे, पण त्याच १२ दिवसांत पगाराची तारीख येऊन गेली आणि तो सी.सी.तूनच काढावा लागला. माल उतरला होता, तपासणीचा शिक्काही बसला होता. फक्त अकाउंट्समधले साहेब रजेवर होते. मंचाच्या मदतकेंद्राने फोन तत्परतेने उचलला, मात्र ‘खरेदीदाराशी बोला’ यापलीकडे त्यांच्या हाती काही नव्हते.

२५० कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना ट्रेड्सवर नोंदणीची सक्ती आहे, पण नोंदणी केलेल्या खासगी कंपनीने प्रत्येक बिल तेथे लगेच मान्य करावे अशी सक्ती नाही. एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या आयकराच्या तरतुदीमुळे (मूळ कलम ४३बी(एच)) लहान उद्योगांची मुदतीबाहेर थकवलेली रक्कम खरेदीदाराला प्रत्यक्ष देईपर्यंत खर्चात दाखवता येत नाही. त्यामुळे मार्चमध्ये मात्र माझी बिले दोन दिवसांत मान्य होतात!

दुसरा खरेदीदार या मर्यादेखालचा असल्याने त्याची वसुली अजून फोन आणि चेकवरच चालते. पहिल्याकडून मात्र नव्या पर्चेस ऑर्डरमध्ये, माल उतरल्यापासून पाच दिवसांत बिल मान्य करण्याची अट लिहून घेतली. त्यानंतरची तीन बिले चार, सहा आणि पाच दिवसांत मान्य झाली.