फिनिक्समध्ये फिफ्थ-व्हील घेऊन राहायचा विचार असेल तर आधी आमचे पैसे कसे गेले ते वाचा

डीलरचं नाव लिहीत नाही, वकिलाने मनाई केली आहे. पण ॲरिझोनात मुलाजवळ राहायचं, मात्र मुलाच्या घरात नाही, असा विचार करणारे आपल्यातले बरेच आईवडील आहेत आणि त्यातले काही आता ट्रेलर बघायला लागलेत. त्यांच्यासाठी लिहितोय. (फिफ्थ-व्हील म्हणजे पिकअप ट्रकच्या हौद्यात जोडून ओढायचा, आत घरासारखं राहता येईल असा मोठा ट्रेलर.) पहिली गोष्ट: जानेवारीत ट्रेलर बघायला जाऊ नका. जानेवारीत तिथे सकाळी स्वेटर लागतो. तेव्हा काहीही गारच वाटतं आणि विकणाऱ्याला ते पक्कं ठाऊक असतं.

आमचा हिशेब सरळ होता. मुलगा-सून फिनिक्सजवळच्या चँडलरला, घर लहान, नातवंडं दोन. नागपूरचा फ्लॅट विकून आलेले पैसे हाताशी होते. शेजारच्या मेसाच्या बाजूला आरव्ही पार्कमध्ये, म्हणजे असे ट्रेलर उभे करायच्या आवारात, महिन्याने जागा घ्यायची, ट्रेलर एकदा उभा केला की हलवायचा नाही, नातवंडं गाडीने पाऊण तासाच्या आत. फिफ्थ-व्हील ओढायला दणकट पिकअप लागतो, तो आमच्याकडे नाही, पण पोचवून द्यायचं डीलरने कबूल केलं. छत उंच, सामानाला भरपूर जागा, पुढच्या बाजूला चार पायऱ्या चढून झोपायची खोली. हिला ती खोली फार आवडली. गरम हवा वर चढते आणि उन्हाळ्यात सगळ्यात जास्त तीच खोली तापते, हे कोण सांगणार?

किंमत ६१,९०० डॉलर. त्यावर 'तयारी'चे १,८९५, कागदपत्रांचे ४९९, वाढीव सर्व्हिस कराराचे ४,६५० आणि छताला उन्हापासून वाचवणाऱ्या कोटिंगचे १,४९५. म्हणजे वरचेच ८,५३९ झाले, टॅक्स वेगळा. आम्ही रोख २०,००० भरले, बाकीचं कर्ज मुलाला सोबत घेऊन. कोटिंग मारलं की नाही हे आजही मला माहीत नाही, कारण छतावर मला चढूच दिलं नाही. 'इन्शुरन्सचा नियम आहे.' शिडी तिथेच मागच्या बाजूला लावलेली होती!

आता एसीचं. माझी सगळी नोकरी वीज मंडळात गेली, त्यामुळे हे जास्त लागतं. मी स्वतः विचारलं, एसी किती? सेल्समन म्हणाला, पन्नास ॲम्पचा आहे, दोन एसी आरामात चालतात. प्लग बघितला, चार पिनांचा, खरोखर पन्नासचा. तीस ॲम्पच्या जोडणीत १२० व्होल्टने ३,६०० वॅट मिळतात, पन्नासच्या जोडणीत दोन लाइन मिळून १२,०००. माझं गणित जुळलं. झोपायच्या खोलीच्या छतातून गार हवाही येत होती. ती हवा बैठकीवरच्या एकुलत्या एक १३,५०० बीटीयूच्या (बीटीयू म्हणजे एसीच्या गार करण्याच्या ताकदीचं माप) एसीची होती, डक्टमधून आलेली. दुसऱ्या एसीच्या जागी नुसती वायर ओढून ठेवली होती. करारात ते 'दुसऱ्या एसीसाठी तयार' असं लिहिलेलं. खोटं एक अक्षर नाही. दोन एसी 'चालतात'च की, तुम्ही आणून बसवले तर!

हे वाचणाऱ्यांनी थर्मोस्टॅटवर दोन झोन, म्हणजे दोन एसींची वेगवेगळी बटणं, आहेत का ते बघा. दोन्ही एसी एकदम चालू करायला लावा. छताचा फोटो मागा, नाही दिला तर तिथूनच परत फिरा.

पण मला खरं जाळतं ते सही करतानाचं. फायनान्सच्या खोलीत बसलो तेव्हा सहा वाजत आले होते, बाहेरचे दिवे एकेक बंद होत होते. हातात टॅबलेट दिला. पान वर सरकतं, पिवळा चौकोन येतो, सही करायची, की पुढचा पिवळा चौकोन. एका पानावर मी थांबलो. लिहिलं होतं की हा ट्रेलर सहलीसाठी घेतला आहे, मुख्य निवास म्हणून वापरणार नाही. मी बोट ठेवून विचारलं, आम्ही तर बाराही महिने इथेच राहणार, पहिल्याच भेटीत सांगितलंय ना? तो हसला. म्हणाला, हे फक्त बँकेसाठी असतं, सगळेच सही करतात. सेल्समन दारात उभा होता. त्याने मान हलवली. मुलगा म्हणाला, बाबा, इथे असंच असतं. मी पिवळ्या चौकोनात सही केली.

'वाचून सही करायची ना' म्हणणाऱ्यांना सांगतो, वाचलं होतं. विचारलंही होतं. समोरच्याने तोंडावर खोटं सांगितलं, आणि त्या खोलीत साक्षीला होती त्याचीच माणसं. माझ्या जागी तुम्ही असता तर दिवे बंद होत असताना व्यवहार मोडून उठला असता का?

तो २०२४ चा उन्हाळा. ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी, फिनिक्समध्ये त्या वर्षी सलग ११३ दिवस पारा १०० फॅरनहाइट किंवा त्याच्या वर होता. नागपुरात ४५ अंश काढलेत हो आम्ही, पण तिथे विटांची भिंत होती, वाळ्याचे ताटे होते, रात्री गच्ची होती. इथे भिंत अडीच इंचांची. असा एसी आत ओढलेली हवा साधारण २० फॅरनहाइटने गार करून सोडतो, जादू करत नाही. बाहेर ११५ असताना आत ९२, म्हणजे ३३ सेल्सियसच्या वर. न्हाणीघराच्या छतातल्या काचेखाली उभं राहवत नव्हतं. फ्रिज गॅसवर चालणारा, तो अशा उन्हात नीट गार करतच नाही. दूध नासायचं, हिची इन्सुलिन मुलाच्या घरी ठेवावी लागली. (घ्यायचाच असेल तर कॉम्प्रेसरचा १२ व्होल्टचा फ्रिज घ्या, दुहेरी काचेच्या खिडक्या घ्या. 'फोर सीझन' या स्टिकरला कायद्यात कसलीही बांधील व्याख्या नाही. आणि छतात 'आर-३८' (उष्णता अडवण्याचं माप) म्हणून जी चकचकीत पन्नी दाखवतात, तिला शेजारी हवेची पोकळी नसेल तर तिचा काही उपयोग होत नाही.)

जुलैत एसीचा कॉम्प्रेसर बसला. वॉरंटीला फोन केला. समोरच्या मुलीने गोड आवाजात विचारलं, तुम्ही किती दिवसांसाठी आला आहात? मी घामाघूम, वैतागलेलो. म्हटलं, आलो कुठे, आम्ही इथेच राहतो, लवकर माणूस पाठवा. झालं. कॉल रेकॉर्ड होत होता. कायम राहण्यासाठी वापर, म्हणून कंपनीची वॉरंटी रद्द. ४,६५० डॉलरच्या सर्व्हिस करारातही तेच कलम, म्हणून तोही रद्द. डीलरकडे गेलो तर त्याने माझीच सही काढून दाखवली आणि वर म्हणाला, खोटं तर तुम्ही लिहून दिलंत! १५,००० बीटीयूचे दोन एसी खिशातून बसवले, ३,५१० डॉलर. आणि हो, पार्कमध्ये महिन्याने राहणाऱ्यांना वीजबिल वेगळं येतं, ते भाड्यात धरू नका.

मग सुरू झाली दारोदार फिरण्याची गंमत. पोलीस म्हणाले, हा दिवाणी मामला आहे. तीन दिवसांत वस्तू परत करता येते असं सगळे सांगतात. डीलरच्या दुकानात जाऊन घेतलेल्या वाहनाला तो नियम लागत नाही. सदोष गाड्यांचा 'लेमन लॉ' आहे ना? ॲरिझोनाचा कायदा स्वतःच्या इंजिनावर चालणाऱ्या वाहनांसाठी आहे. ट्रेलरला इंजिन कुठे? परवाने देणारे म्हणाले, आम्ही फक्त परवाना बघतो. बँक म्हणाली, हप्ता वेळेवर भरा. करारात लवादाचं कलम, त्यामुळे कोर्टाचं दार अर्धं आधीच बंद. वकिलाने कागद उघडायलाच ५,००० डॉलर आगाऊ मागितले.

सरकारी तक्रार खात्याकडे मी सगळी कागदपत्रं, फोटो, थर्मामीटरच्या आकड्यांसकट पाठवली. त्यांनी काय केलं? माझं पत्र डीलरला पाठवलं, डीलरने माझ्या सहीचं पान त्यांना पाठवलं, ते त्यांनी मला पाठवलं. पोस्टमनचं काम! आम्ही वैयक्तिक ग्राहकाचे वकील होऊ शकत नाही, असं खाली छापलेलं. मी पुन्हा लिहिलं की मुद्दा सहीचा नाही, बाराही महिने राहणार हे माहीत असून विकण्याचा आहे. उत्तर आलं, प्रकरण विचाराधीन आहे. फोन केला की प्रत्येक वेळी नवा माणूस आणि पहिल्यापासून सगळी कहाणी. मुलगा म्हणायचा, बाबा, थांबा, सरकारी काम आहे. थांबलो.

ग्राहक फसवणुकीचा दावा ॲरिझोनात फसवणूक कळल्यापासून एक वर्षाच्या आत लावावा लागतो. तक्रार दिली म्हणून ती मुदत थांबत नाही. हे त्या खात्यातल्या एकानेही सांगितलं नाही, दुसऱ्या वकिलाने सांगितलं, तेव्हा २०२५ चा ऑगस्ट लागला होता. त्याच आठवड्यात खात्याचं पत्र आलं, फाइल बंद केल्याचं. डीलर आता ट्रेलर ३६,५०० ला परत घ्यायला तयार आहे, दोन्ही नव्या एसींसकट.