लॅक्टोफेरिन कॅप्सूल: पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंतचा अनुभव

लोहाच्या गोळ्या ज्यांना अजिबात झेपत नाहीत, त्यांच्यासाठी मुख्यतः हे लिहितेय. गेल्या पावसाळ्यात मी लॅक्टोफेरिन, म्हणजे दुधातलं लोह धरून ठेवणारं एक प्रथिन, सुरू केलं, आता उन्हाळा लागलाय. १०० मिलिग्रॅमची कॅप्सूल, सकाळी एक आणि रात्री एक. ब्रँडचं नाव देत नाही, कारण मधे दुकानात मिळेना म्हणून दुसऱ्या कंपनीची घेतली आणि मला तरी काही फरक जाणवला नाही.

आधीची परिस्थिती अशी: चाळिशी उलटलेली, पाळीत रक्तस्राव जास्त, सोनोग्राफीत गर्भाशयात लहानशी गाठ. हिमोग्लोबिन ९.२, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा दाखवणारा आकडा) ८. दोन जिने चढले की धाप लागायची. पहिला पाऊस पडून मातीचा वास आला की ती माती चक्क खावीशी वाटायची. हे मी कुणाला सांगत नव्हते, डॉक्टरांनीच विचारलं तेव्हा कळलं की अंगात लोह कमी असलं की असं होतं. महाराष्ट्रात हे काही जगावेगळं दुखणं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला होता. पण निम्म्याहून जास्त जणींना आहे म्हणून ते अंगवळणी पाडून घ्यावं, असं थोडंच आहे?

लोहाच्या गोळ्यांत फेरस सल्फेट घेतलं, फेरस अॅस्कॉर्बेट घेतलं, सिरपही घेतलं. प्रत्येकाचा शेवट तोच: मळमळ, पोट गच्च, बद्धकोष्ठता आणि दिवसभर तोंडात गंजलेल्या खिळ्याची चव. मग डॉक्टर म्हणाल्या, "लॅक्टोफेरिन काही महिने घेऊन बघा, नाही जमलं तर शिरेतून लोह देऊ."

कॅप्सूल हातात आल्यावर मी एक फोडून बशीत पावडर ओतली. मला वाटलं होतं दूध पावडरसारखी पांढरी असेल. ती फिकट गुलाबी निघाली, डाळिंबाचं पाणी पुसट लागलेल्या कापडासारखी. हा गुलाबीपणा लोहाचाच. प्रथिनाने लोह धरून ठेवलं की त्याला हा रंग चढतो. कोमट पाण्यात ढवळली तर वर फेस आला. चव किंचित खारट, दुधाळ. लोखंडाची चव नावालाही नाही.

आता जाहिरातीत न सापडणारं गणित. लॅक्टोफेरिनच्या एका रेणूचं वजन साधारण ८० हजार डाल्टन. त्याचे दोन भाग असतात आणि प्रत्येक भागात लोहाचा एकच अणू बसतो, तोही कार्बोनेटची साथ असेल तरच. लोहाचा अणू ५६ डाल्टनचा, म्हणजे दोन्ही जागा भरलेल्या असल्या तरी वजनाच्या जेमतेम ०.१४ टक्के लोह. माझ्या दिवसाच्या २०० मिलिग्रॅममध्ये फार तर ०.२८ मिलिग्रॅम. प्रत्यक्षात पावडरमधल्या बऱ्याच जागा रिकाम्या असतात, त्यामुळे त्याहूनही कमी. सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांना मिळणाऱ्या लाल गोळीत लोह किती? ६० मिलिग्रॅम. तेव्हा "यात भरपूर लोह आहे" असं कुणी सांगितलं तर सरळ दुर्लक्ष करा. लोहाचा साठा म्हणून हे घेतलं तर पैसे वाया.

मग रक्त वाढतं कसं? मला समजलं ते असं. आतड्याच्या पेशीत आलेलं लोह रक्तात जायला एकच दार आहे, फेरोपोर्टिन. यकृतातून येणारं हेपसिडिन नावाचं संप्रेरक ते दार बंद करतं. अंगात कुठे सूज धुमसत असेल, इंटरल्युकिन-६ हे सुजेचा निरोप पोचवणारं प्रथिन वाढलेलं असेल, तर हेपसिडिन वाढतं. मग खाल्लेलं लोह पेशीतच अडकतं आणि पेशी गळून पडली की तिच्यासोबत बाहेर जातं. लॅक्टोफेरिन हे इंटरल्युकिन-६ खाली आणतं आणि दार उघडं राहायला मदत होते, असा इटलीतल्या संशोधकांचा मुद्दा आहे. त्यांनी गरोदर बायकांना गाईच्या दुधातलं लॅक्टोफेरिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा दिलं आणि तुलनेला दुसऱ्या गटाला रोज ५२० मिलिग्रॅम फेरस सल्फेट. लॅक्टोफेरिनवाल्यांचं हिमोग्लोबिन मागे पडलं नाही आणि पोटाच्या तक्रारी कितीतरी कमी राहिल्या. माझा डोस तिथूनच आलेला दिसतो. मला ही मांडणी पटते, पण ती पूर्ण सिद्ध झाली असं मी म्हणणार नाही.

माझे आकडे: तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन १०.४, फेरिटिन १३. परवाच्या तपासणीत ११.६ आणि २१. बायकांसाठी १२ ची रेषा धरतात, म्हणजे अजून पोचले नाही. पण बद्धकोष्ठता नाही, मळमळ नाही, शौचाला काळं होत नाही. पहिला आठवडाभर पोटात थोडी गुडगुड झाली, ती आपोआप थांबली. माती खायची इच्छा हिमोग्लोबिन बदलायच्या आधीच गेली, हे मला अजूनही नवल वाटतं. केस मात्र गळतायतच.

हे सगळं श्रेय कॅप्सूलचं का? नाही. त्याच काळात रक्तस्राव कमी करायच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या. जेवणानंतरचा चहा मी दोन तास पुढे ढकलला (सासूबाईंना हे अजून पटलेलं नाही), आणि पालेभाजीवर लिंबू पिळल्याशिवाय ताट पुढे ओढत नाही. शिवाय डॉक्टरांनी एक फेरस गोळी दिवसाआड चालू ठेवली. रोज घेतली की दुसऱ्या दिवशी हेपसिडिन चढलेलं असतं आणि लोह कमी शोषलं जातं, हे झ्युरिकच्या संशोधकांनी दाखवलंय. दिवसाआड फेरस मला बऱ्यापैकी सोसलं. तेव्हा यातलं कुणाचं योगदान किती, ते वेगळं काढता येणार नाही. पोट शांत राहिलं म्हणून मी उपचार सोडले नाहीत, एवढं मात्र लॅक्टोफेरिनच्या खात्यात नक्की जमा करते.

डब्यावर मोठ्या अक्षरात "इम्युनिटी" लिहिलंय, त्याबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण हे प्रथिन शरीरात काय करतं ती गोष्ट खरोखर भारी आहे. १९३९ मध्ये ते गाईच्या दुधात पहिल्यांदा दिसलं, १९६० मध्ये शुद्ध रूपात वेगळं काढलं गेलं. आईच्या पहिल्या चिकाच्या दुधात ते लिटरला ५ ग्रॅमच्या वर असतं, नंतरच्या दुधात एक-दोन ग्रॅमवर येतं. अश्रूंत असतं, लाळेत असतं, आणि न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींच्या पोटात भरून ठेवलेलं असतं. मुख्य काम, लोह ताब्यात घ्यायचं. बहुतेक जंतूंना वाढायला लोह लागतं. ते आधीच उचलून ठेवलं की त्यांची उपासमार होते. रक्तातलं ट्रान्सफेरिन हेच करतं, पण जंतुसंसर्गाच्या जागी आम्लता वाढली की त्याची पकड सुटते. लॅक्टोफेरिनची सुटत नाही. त्यावर जठरातलं पेप्सिन याचे तुकडे करतं, त्यातला लॅक्टोफेरिसिन नावाचा तुकडा जंतूंच्या आवरणालाच भोकं पाडतो. कमी लोहात भागवणाऱ्या बाळाच्या आतड्यातल्या बायफिडो या उपयोगी जंतूंना याचा त्रास होत नाही. आणि जंतूही कच्चे नाहीत: मेंदुज्वर करणाऱ्या नायसेरियाने लॅक्टोफेरिनला पकडून त्यातलं लोह काढून घ्यायची यंत्रणा विकसित केली आहे.

एवढं सगळं असूनही कॅप्सूल गिळली की माणसाला संसर्ग होणार नाही, असं होत नाही. याची सगळ्यात कडक परीक्षा झाली ती अकाली जन्मलेल्या बाळांवर. २००९ साली इटलीतल्या ४७२ बाळांच्या अभ्यासात जंतुसंसर्ग १७.३ टक्क्यांवरून ५.९ वर आला, तेव्हा सगळ्यांना उत्साह आला. मग ब्रिटनमध्ये २,२०० हून अधिक बाळांवर तीच गोष्ट करून पाहिली. २०१९ मध्ये निकाल आला: लॅक्टोफेरिन मिळालेल्या बाळांत २९ टक्के, न मिळालेल्यांत ३१ टक्के. म्हणजे फरक नाहीच. आता मला सांगा, जिथे गरज सर्वाधिक तिथे हे चित्र असेल, तर धडधाकट माणसाने सर्दीसाठी महिना हजारभर रुपये का घालावेत? मला स्वतःला या हिवाळ्यात दोनदा सर्दी झाली, दरवर्षी होते तशीच.

मधेच एक गंमत. दिरांना बरेच दिवस जुलाब होते, तेव्हा लॅबच्या कागदावर "स्टूल लॅक्टोफेरिन" वाचून मी चमकले. आतड्याला सूज असली की न्यूट्रोफिल तिथे गर्दी करतात आणि त्यांच्यातलं लॅक्टोफेरिन विष्ठेत उतरतं. म्हणून नुसतं चिडखोर आतडं की खरी सूज, हे ओळखायला ते मोजतात. ही तपासणी सांगितली असेल तर आपण ही कॅप्सूल घेतोय हे डॉक्टरांना आधी सांगावं.

"मग खरवस खाल्ला तर?" हा प्रश्न घरात पहिल्याच दिवशी आला. गाईच्या चिकात लॅक्टोफेरिन साध्या दुधापेक्षा बरंच जास्त असतं हे खरं. पण खरवस आपण वाफवून घट्ट करतो, आणि त्या उष्णतेत या प्रथिनाची घडी बहुतांशी मोडते. वेलची-जायफळ घालून आवडीने खावा, औषध म्हणून नको. साध्या दुधाचंही तेच. गाईच्या लिटरभर दुधात ते साधारण १०० मिलिग्रॅम, म्हणजे माझी एक कॅप्सूल, आणि आपल्याकडे दूध वर येईपर्यंत उकळल्याशिवाय कुणाला चैन पडत नाही. कॅप्सूल महाग का, तेही यातून कळतं: किलोभर लॅक्टोफेरिनला सुमारे दहा हजार लिटर दूध लागतं.

वापरातल्या बारीकसारीक गोष्टी: मी जेवणाआधी घेते, गरम पाण्याबरोबर कधीच नाही. उन्हाळ्यात डबा ओट्यावर न ठेवता कपाटात. खरेदी करताना मागचा मजकूर वाचा, काही सॅशेंमध्ये साखर आणि स्वादच जास्त असतात आणि लॅक्टोफेरिनचा आकडा कोपऱ्यात बारीक छापलेला असतो. हे दुधातून काढलेलं आहे, त्यामुळे व्हीगन मंडळींना चालणार नाही, आणि दुधातल्या प्रथिनांची अॅलर्जी असेल तर हात लावू नका. दूध पचत नाही, गॅस होतो, अशी तक्रार असेल तर ती बहुधा लॅक्टोजची असते, तो वेगळा प्रकार. माझ्या बहिणीला दूध चालत नाही, तिला ही कॅप्सूल चालली.

फेरिटिन तीसच्या वर गेलं की मी बंद करणार आहे. गाठीचं काय करायचं ते त्याआधी ठरेल.