परिचारिकांसाठीचा पुण्यातील जर्मन वर्ग : भाषेसाठी जावे, सल्ल्यासाठी नव्हे

जर्मनीने २०२० साली लागू केलेला आणि २०२३ च्या दुरुस्तीने आणखी सैल केलेला कुशल कामगारांच्या स्थलांतराचा कायदा डोळ्यांसमोर ठेवून पुण्यात जे जर्मन भाषेचे वर्ग निघाले, त्यांपैकी एकात मी बी-२ पातळीपर्यंत, म्हणजे युरोपीय भाषामापनाच्या सहांपैकी चौथ्या पायरीपर्यंत, शिकले.

शिकवणे उत्तम आहे. पहिल्याच आठवड्यात बाईंनी चमचा, काटा आणि सुरी टेबलावर मांडून ‘डेअर ल्योफेल, डी गाबेल, दास मेसर’ असे म्हणून घेतले. मराठीसारखीच तीन लिंगे असली तरी आपला काटा तिकडे स्त्रीलिंगी आणि सुरी नपुंसकलिंगी, हे तेव्हाच पक्के झाले. पुढे पाळी बदलताना रुग्णाची माहिती सोपवण्याचे बोलणे, म्हणजे ‘युबरगाबे’, त्यांनी रोज दोघीदोघींकडून करून घेतले. परीक्षेच्या चारही भागांत प्रत्येकी ६० गुण लागतात. माझे लेखन राहिले, तेव्हा तेवढ्याच भागाची तयारी त्यांनी वेगळी बसून करून घेतली.

सल्ला देणाऱ्या खिडकीविषयी असे म्हणता येत नाही. तेथे शिक्षण, अनुभव, भाषा यांसाठीच्या किमान सहा गुणांवर मिळणारे जर्मनीचे ‘संधी कार्ड’ म्हणजे जणू नोकरीच, अशा थाटात सांगितले जाते. प्रत्यक्षात ते एक वर्ष राहून नोकरी शोधण्याचा परवाना आहे आणि त्यावर आठवड्याला २० तासांचेच अर्धवेळ काम करता येते. परिचारिकेला तर आपल्या शिक्षणाची तेथे मान्यता मिळाल्यावाचून त्या पदावर काम करता येत नाही. अभ्यासक्रमात तफावत निघाली, तर पूरक प्रशिक्षण किंवा ज्ञानपरीक्षा आलीच. स्वागतकक्षात महाराष्ट्र व जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य यांच्यात २०२४ मध्ये झालेल्या कुशल मनुष्यबळाच्या कराराचे कात्रण चौकटीत लावले आहे, पण या वर्गाचा त्या कराराशी संबंध नाही, हे विचारल्यावरच कळले.

शिवाय नोकरी लावून देण्याचे वेगळे शुल्क मागितले गेले. परिचारिकांच्या न्याय्य भरतीसाठी जर्मन सरकारने जे प्रमाणचिन्ह ठेवले आहे, त्याच्या नियमानुसार भरतीचा खर्च मालकाने सोसायचा असतो, हे मी दाखवल्यावर मागणी निम्म्यावर आली, हेही बोलकेच. मी फक्त भाषेचे पैसे भरले आणि मान्यतेचा अर्ज घरी बसून स्वतःच केला.