गेटप्रोटोबायनेम : आठ महिने वापरल्यावर (आणि एक चवथ वाया गेल्यावर)

जानेवारीत कुणी विचारलं असतं तर सी भाषेतल्या या फंक्शनला डोळे मिटून पाच तारे दिले असते. नेटवर्क प्रोटोकॉलचं नाव द्या, त्याचा ठरलेला नंबर घ्या. 'टीसीपी' म्हटलं की ६, 'यूडीपी' म्हटलं की १७, 'आयसीएमपी' म्हटलं की १. नेटडीबी हेडर घातलं की काम झालं.

आता चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, होऊन गेलीय, आणि माझा सूर बदललाय.

तयेच्या, म्हणजे चवथीच्या आदल्या, संध्याकाळी मी शिडीवर चढून माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळापानांची चौकट) बांधत होतो. तोंडात दोरी, हातात सुपारीचा घोस, आणि खिशात फोन थरथरतोय. कळंगुटचा हॉटेलवाला. त्याच्या दोन इमारतींमधली लाइन चालू आहे की नाही हे दर मिनिटाला पिंग करून बघणारा, आणि कुठल्या प्रोटोकॉलची किती पॅकेट गेली ते मोजणारा माझा सी प्रोग्राम सकाळपासून मेलेला. उठवला की लगेच सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे चुकीच्या मेमरीला हात लावल्यामुळे बंद. आईने खालून विचारलं, "कितें जालें रे?" काय सांगणार?

आदल्याच रात्री मी तो प्रोग्राम नव्या, स्वस्त मशीनवर हलवला होता. महिन्याचं भाडं वाचावं म्हणून लहानातलं लहान मशीन, त्यावर कंटेनर, आणि कंटेनरमध्ये डेबियन लिनक्सची 'स्लिम', म्हणजे छाटलेली, इमेज. साहजिकच आधी होस्टिंगवाल्याच्या मदतकेंद्राशी पाऊण तास भांडलो. "सर, रीस्टार्ट करून बघा" यापलीकडे त्यांची गाडी सरकेना. बिचाऱ्यांचा दोष नव्हता, हे रात्री अकराला कळलं.

एसट्रेस (प्रोग्राम सिस्टिमकडे काय काय मागतो ते दाखवणारं साधन) लावल्यावर दिसलं ते असं : हे फंक्शन इटीसी फोल्डरातली 'प्रोटोकॉल्स' नावाची साधी मजकुराची फाइल उघडतं आणि ओळीमागून ओळ वाचत नाव शोधतं. ती फाइल डेबियनमध्ये 'नेटबेस' नावाच्या पॅकेजातून येते, आणि स्लिम इमेजमध्ये नेटबेस नसतं. फाइल नाही, म्हणून उत्तर 'नल', म्हणजे कुठेच न नेणारा रिकामा पॉइंटर. मी ते न तपासता थेट बाण लावून पी-प्रोटो, म्हणजे उत्तरातला नंबर, वाचला होता. कुठल्याशा जुन्या पिंग प्रोग्राममधली ओळ, सॉकेट उघडतानाच, जशीच्या तशी उचललेली. चूक माझी, मान्य.

पण माझा राग नलवर नाही. 'असं नाव यादीत नाही' आणि 'मुळात यादीच नाही' या दोन्हींना उत्तर एकच, याचा राग आहे. पोदेराने (पाववाल्याने) "पाव संपले" म्हणणं वेगळं आणि पोदेर आलाच नाही हे वेगळं, की नाही? इथे दोन्ही वेळा दारात नुसती रिकामी पिशवी. दुसरं म्हणजे, पिंगला लागणाऱ्या आयसीएमपीचा नंबर १ आहे हे १९८१ पासून ठरलेलं. नेटवर्कच्या हेडर फाइलमध्ये त्याचा तयार स्थिरांक आहे, आयपी-प्रोटो-आयसीएमपी, फुकट. तरी मी दर वेळी फाइल उघडून, वाचून, बंद करून तो एक आकडा आणत होतो. परसात माड असताना नारळाला म्हापशाच्या बाजारात जाण्यासारखं. मिनिटाला एकदा, आठ महिने. हिशेब केलाच : साडेतीन लाखांच्या आसपास फेऱ्या! संगणकाला काही जड नाही, मलाच रुचलं नाही.

मग वाटलं, अल्पाइन या दुसऱ्या छोट्या लिनक्सवर जावं. त्यातल्या मसल नावाच्या सी लायब्ररीत यादी आतच भरलेली असते, फाइल लागत नाही. गेलोही. तिथे दुसरीच गंमत : टोपणनावं नाहीत. माझ्या सेटिंगमध्ये 'टीसीपी' मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं, मसलला ते पटेना, पुन्हा नल. डेबियनच्या ग्लिबसी लायब्ररीत ते चालतं, कारण फाइलमध्ये मोठ्या अक्षरांतलं नाव टोपणनाव म्हणून लिहिलेलं असतं. परत डेबियन.

लहानसहान कुरबुरी पटापट सांगतो. परत येणारा पॉइंटर एकाच स्थिर जागेकडे बोट दाखवतो, म्हणून दोन उत्तरं घेऊन शेवटी छापली की दोन्ही सारखीच दिसतात. थ्रेड वापरत असाल तर शेवटी 'आर' असलेला भाऊ घ्या, त्याला स्वतःचा बफर द्यावा लागतो, १०२४ बाइट पुरतात. आणि भावंड गेटसर्वबायनेम (सेवेच्या नावावरून पोर्ट देणारं) पोर्ट नेटवर्कच्या बाइटक्रमाने देतं, हे मात्र यजमान मशीनच्या क्रमाने. मी सवयीने इथेही बाइटक्रम बदलणारा एचटॉन्स लावला. ६ चे १५३६ झाले आणि सॉकेटने दार लावून घेतलं.

एवढं ओरडून झाल्यावर एक कबुली. उलट दिशेचं फंक्शन, गेटप्रोटोबायनंबर, मला आता आवडायला लागलंय. हॉटेलवाल्याच्या अहवालात आधी '४७' असा आकडा यायचा आणि तो दर महिन्याला विचारायचा, हे काय? नेटबेस टाकल्यावर तिथे 'जीआरई' आलं, त्याच्या दोन इमारतींमधला नेटवर्कचा बोगदा. मग फाइलमधल्या त्याच ओळीत जीआरईच्या जागी मी ठरवलेलं नाव घातलं, 'बोगदा'. प्रोग्राम पुन्हा कंपाइल न करता पुढच्या अहवालात ते उमटलं. ही सोय स्थिरांकात कुठली? फाइलला शिव्या घातल्या त्या निम्म्या परत घेतो.

आता सॉकेट उघडताना स्थिरांक, अहवाल छापताना फाइल, आणि नल आला तर नुसता आकडा छापायचा. नेटबेसमुळे इमेज किंचित फुगली, ते अजून खुपतं.

तीन तारे. एक कापला तो नलच्या मुकेपणाचा. दुसरा पेट्रोलचा : चवथीच्या दुपारी नैवेद्य सोडून फोंड्याहून कळंगुट, पर्वरीच्या गर्दीतून, आणि परत. माटोळीची उजवी बाजू विसर्जनापर्यंत वाकडीच लटकत होती.