दोन मीटरचा इलेक्ट्रिक ग्लायडर, आठ महिन्यांनंतर: सगळं त्या पंख्यावर अडलं होतं

नोव्हेंबरमध्ये हा रिमोटवर उडणारा ग्लायडर घेतला, म्हणजे मोटरनं वर न्यायचा आणि मग मोटर बंद करून हवेवर तरंगत ठेवायचा. फोमचा, तीन सेलची बॅटरी. तुळजापूर रोडला ज्वारी काढलेल्या रानात उडवतो, विमानतळाच्या आसपास तो नादच नको.

पहिले चार महिने नुसत्या शिव्या दिल्या. मोटर बंद केली की वीट पडल्यासारखा खाली. शेजारी घार पंख न हलवता वर वर चाललीय आणि आमचा गडी दोन मिनिटांत ढेकळात. नाकात शिसं घातलं, काढलं, परत घातलं, काही फरक नाही. दुकानाला फोन केला तर म्हणे मोटर पाठवा, कुरिअर तुमच्या खर्चानं, आणि नाकावरचा पंखा (प्रोपेलर) नवा घ्या साडेआठशेचा. साडेआठशेत दोन किलो शेंगाचटणी येते ओ!

मार्चमध्ये पोरगा म्हणाला, पप्पा मोटर बंद केली तरी पंखा फिरतोय की. बघतो तर खरंच. हा मिटणारा पंखा, मोटर थांबली की पाती मागं नाकाला चिकटायला पाहिजेत, पण ईएससीचा (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) ब्रेक ऑफ होता म्हणून वाऱ्यानं गरगर फिरत सगळा वेग खात होता. मॅन्युअलमध्ये यावर एक ओळ नाही. रिमोटची स्टिक वर करून बीप मोजत ब्रेक ऑन केला, खर्च शून्य, आणि त्याच दुपारी अकरा मिनिटं वर राहिला. दोन स्टार देणार होतो, आता चार.

आधी मला वाटायचं मोटर लावली तर ग्लायडर कसला, ही तर चीटिंग. एफ५जेचे (असल्या इलेक्ट्रिक मॉडेल ग्लायडरची स्पर्धा) नियम वाचले आणि मत फिरलं. मोटर सुरुवातीला एकदाच, जास्तीत जास्त ३० सेकंद, नंतर परत चालू केली की ते उड्डाण शून्य. हवेत दर सेकंदाला एक गुण, पण मोटरनं जितकं वर गेलात त्याचे कापतात, २०० मीटरपर्यंत मीटरला अर्धा आणि त्यापुढं मीटरला तीन. म्हणजे २०० ला १०० गेले, २२० ला थेट १६०. साठ मीटरवर बंद करून थर्मल (वर चढणारी गरम हवा) शोधली तर फक्त तीस. असला काटकसरीचा खेळ आपल्यासाठीच बनलाय, आणि एप्रिलमध्ये काळ्या रानावर थर्मलला काय तोटा.

माणूस बसतो त्या मोठ्या ग्लायडरमध्येही हेच चाललंय. एफईएस नावाच्या इलेक्ट्रिक सिस्टीममध्ये मोटर नाकातच, पाती मिटून नाकाला चिकटतात (बघा, परत पंखाच!). स्पर्धेत मोटर लावली की साधारण तिथंच लँडिंग धरतात, आणि पेट्रोल इंजिन लॉगरला (उड्डाणाची नोंद ठेवणारं यंत्र) आवाजावरनं कळतं, पण इलेक्ट्रिकचा आवाज इतका कमी की वेगळा सेन्सर लागतो. २०१९ ला इटलीत पावुलोला इलेक्ट्रिक ग्लायडरची वेगळी स्पर्धाच झाली, तिथं मोटर वापरायची मुभा, पण वीज मोजून. माझ्या मते पुढं हेच चालणार, मोटरवर बंदी नाही, हिशोब. ग्लायडर वर न्यायला दोरीनं ओढणारं दुसरं विमान लावायचं आणि वर मोटरला नावं ठेवायची, हे किती दिवस चालणार?

एक स्टार कापला तो मॅन्युअलसाठी. मे महिन्यात बॅटरी गाडीत विसरलो, ती फुगली, ते पाप माझं.

परवा दुकानवाल्याचा मेसेज आला, पंखा पाहिजे का अजून, साडेसातशेला देतो म्हणे.