लोअर केलेल्या पोलोला स्पेसर : पावसाळा-उन्हाळा काढल्यानंतरचा अनुभव

गाडी चाकणची फोक्सवॅगन पोलो, कंपनीच्याच 15 इंची अलॉयवर. लोअरिंग स्प्रिंगने साधारण 35 मिमी खाली आणल्यावर चाकं फेंडरच्या आत गेल्यासारखी दिसायला लागली, म्हणून पुढे 10 आणि मागे 15 मिमीचे स्पेसर टाकले, म्हणजे चाक आणि ते ज्यावर बसतं तो हब यांच्या मध्ये बसणाऱ्या, चाक बाहेर सरकवणाऱ्या चकत्या. पुण्यातले खड्डे, खंबाटकी, आंबा घाटातून कोकण, सगळं फिरून झालंय.

दिसण्यात फरक मोठा आहे. मागून बघितलं की गाडी रुंद आणि जमिनीला धरून बसलेली वाटते. हायवेवरच्या स्थिरतेत मात्र मला फारसा फरक जाणवला नाही. दिसण्यासाठी टाकायचे असतील तर जरूर टाका, हँडलिंगसाठी पैसे खर्च करू नका.

खरेदी करताना सगळ्यात आधी हबचं माप बघा. पोलोचं पीसीडी 5×100, म्हणजे 100 मिमी व्यासाच्या वर्तुळावर पाच बोल्ट, आणि मधलं भोक 57.1 मिमी. बाजारात एकाच प्लेटला चार-पाच प्रकारची भोकं पाडलेले युनिव्हर्सल स्पेसर स्वस्तात मिळतात, त्यांचं मधलं भोक मोठं असतं. मग चाक हबच्या ओठावर (मध्यभागी पुढे आलेल्या गोल कडेवर) न बसता फक्त बोल्टच्या भरवशावर मध्यभागी राहतं, आणि जरा इकडेतिकडे बसलं की वेग वाढल्यावर स्टिअरिंग थरथरतं. बरोबर 57.1 चा, स्वतःचा ओठ असलेला स्पेसरच घ्या. 5 मिमीच्या पातळ स्पेसरला सहसा असा ओठ नसतो, उलट हबच्या मूळ ओठाची उंची तो खाऊन टाकतो.

दुसरी गोष्ट बोल्टची. स्पेसर जितका जाड तितकाच बोल्ट लांब हवा, म्हणजे माझ्याकडे पुढे 10 आणि मागे 15 मिमी जास्त. आटे एम14×1.5, म्हणजे 14 मिमी व्यास आणि दर 1.5 मिमीला एक आटा. कंपनीच्या अलॉयला बोल्टची बैठक (डोकं टेकतं ती जागा) गोल असते, बाहेरच्या बहुतेक अलॉयना तिरकी. चुकीचा बोल्ट घट्ट बसल्यासारखा वाटतो, पण टेकलेला असतो जेमतेम एका बारीक कडेवर, आणि चालता चालता सैल होतो. टॉर्क 120 न्यूटन-मीटर, तोही गनने (हवेवर चालणाऱ्या पान्याने) नाही, टॉर्क पान्याने. नंतर 50-100 किलोमीटरवर पुन्हा तपासायचं. माझ्या मागच्या डाव्या चाकाचे दोन बोल्ट त्या तपासणीत पाना ‘टक्’ वाजायच्या आधी थोडे फिरले. बाकीचे जागचे हलले नाहीत.

पुढच्या स्पेसरबद्दल माझं मत आता बदललंय. फोक्सवॅगन पुढच्या चाकांची भूमिती अशी ठेवते की स्टिअरिंगचा अक्ष (चाक ज्या रेषेभोवती वळतं ती रेषा) जमिनीला टायरच्या मध्यरेषेच्या किंचित बाहेर टेकतो. ब्रेक एका बाजूला जास्त लागला तरी गाडी सरळ राहावी, हा त्यामागचा हेतू. चाक 10 मिमी बाहेर सरकलं की ती मध्यरेषाही बाहेर जाते आणि हा मेळ बिघडतो. खाचा पाडलेल्या सिमेंटच्या रस्त्यावर स्टिअरिंग आता आधीपेक्षा जास्त ओढ घेतं, एका बाजूचं चाक पाण्यात गेलं की हातात झटका बसतो.

मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागच्या चाकांना जोडणारा आडवा बीम) आहे, त्यामुळे दोन्ही बाजू एकदम दबल्या की चाक आत न झुकता जवळपास सरळ वर जातं. चार माणसं, डिकीत सामान आणि एखादा उंच गतिरोधक, की फेंडरच्या आतल्या कडेला टायर घासल्याचा आवाज येतो. त्या कडेचा रंग एका ठिकाणी निघालाय, त्यावर लगेच प्रायमर मारून घेतला, नाहीतर गंज तिथूनच सुरू होणार. एकटा-दुकटा असताना काही त्रास नाही. पावसात चिखल दारांच्या खालच्या पट्टीपर्यंत उडतो, मडफ्लॅप पुरत नाहीत.

पावसाळ्यानंतर चाकं काढली तेव्हा मागचे दोन्ही स्पेसर हबला चिकटले होते. ॲल्युमिनियम आणि लोखंड एकत्र, त्यात पाणी, दुसरं काय होणार? रबरी हातोडीने कडेकडेने ठोकून निघाले. हब तारेच्या ब्रशने साफ केला आणि फक्त ओठाला कॉपर ग्रीसचा पातळ हात दिला. बोल्टच्या आट्यांना ग्रीस लावू नका. आटे गुळगुळीत झाले की त्याच टॉर्कला बोल्ट प्रमाणाबाहेर ताणला जातो.

सगळ्यात जास्त काळजी पंक्चरच्या वेळी घ्या. चाक काढताना स्पेसर सुटून बाजूला राहिला आणि लांब बोल्ट तसेच उघड्या हबवर पिळले, तर ते मागच्या बाजूने बाहेर येऊन आतल्या भागांना लागतात. मागे ड्रमच्या आत ब्रेकचीच यंत्रणा आहे. मूळ बोल्ट मी पिशवीत बांधून डिकीत स्टेपनीजवळ ठेवतो, आणि चाक काढताना शेजारी उभा राहतो. ‘दादा, गन नको, हातानेच पिळा’ म्हटलं की कुणी वाईट मानत नाही.

विमा आणि कायद्याकडेही बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 फेरफारांवर बंधनं घालतं आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते कडकपणे वाचलं आहे. विमा कंपनीला लेखी विचारून ठेवलेलं बरं.

येत्या सर्व्हिसिंगला पुढचे स्पेसर काढतोय. मागचे राहतील, पण 15 च्या जागी 10 चे.