मॉडेल रेल्वेचा एचओ संच, आठ महिन्यांनंतर: रूळ पुसून काही होत नाही

वळणावर डबे उतरतात असं सांगितलं की विक्रेत्याचं ठरलेलं उत्तर: रूळ पुसा. पुसले. डबे उतरतातच, कारण दोष वजनात आहे.

एचओचं प्रमाण १:८७, म्हणजे खऱ्या गाडीपेक्षा लांबी ८७ पट कमी, पण वजन ८७ च्या घनाने, साडेसहा लाख पट कमी. १२३ टनांचं डब्ल्यूएपी-७ हे विजेचं इंजिन या हिशेबाने १८७ ग्रॅमचं, आणि ४० टनांचा रिकामा एलएचबी (नव्या बनावटीचा प्रवासी) डबा जेमतेम ६० ग्रॅमचा. वळणाची त्रिज्या ४५ सेंमी, म्हणजे प्रत्यक्षातले ३९ मीटर. आपल्या ब्रॉडगेजची मर्यादा १७५ मीटरची. इंजिनाने ताण दिला की मधले डबे आत कलंडतात. म्हणून वजनापुरतं प्रमाण विसरायचं. अमेरिकेतल्या एनएमआरए या छंदिष्टांच्या संघटनेचा हिशेब असा: २८ ग्रॅम, वर दर सेंटिमीटरला ५.६ ग्रॅम. २७ सेंमीच्या डब्याला १८० हवेत. संचातला काट्यावर ११० भरला. एवढ्या किमतीत ७० ग्रॅम लोखंड घालायला काय झालं होतं? टायरवाल्याकडे व्हील बॅलन्सिंगचे ५ ग्रॅमचे चिकट तुकडे स्वस्तात मिळतात. डब्याला १४, आत तळाला, दोन्ही टोकांच्या चाकांच्या बरोबर वर सात-सात. छताला चिकटवलेत तर डबा जास्तच डोलेल.

वेग घड्याळ लावून मोजा. पूर्ण १२ व्होल्टवर हे इंजिन मीटरभर अंतर १.६ सेकंदांत कापतं, म्हणजे ८७ पट धरून ताशी १९५ किमी! शंभरच्या वेगाला ३.१ सेकंद लागायला हवेत, यार्डातल्या १५ ला तब्बल २१. तिथे सोबतचा कंट्रोलर अडखळतो. पीडब्ल्यूएमवाला, म्हणजे वीज झटक्याझटक्याने सोडणारा, वेगळा घ्यावा लागतो.

पहिल्या महिन्यातलं मत होतं, हे विकून एन हे आणखी छोटं माप घ्या. १:१६० ला तोच डबा १५ सेंमीत बसतो. ते मत मागे. तिथे डबे आणखी हलके, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यातल्या धुळीत इवल्या चाकांना वीज पोचणं अवघड. उन्हाळ्यावरून आठवलं: डिसेंबरात १२ अंशांना घट्ट जोडलेले ६ मीटर रूळ मे महिन्यात ३ मिमी वाढून वाकतात. दर मीटरला अर्धा मिमी फट ठेवा.

हुबेहूबपणात मार खातो तो गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. ब्रॉडगेजच्या १६७६ मिमीचे ८७ भाग केले की १९.३ मिमी येतात, रूळ १६.५ चे, समोरून इंजिन पाय जवळ घेऊन उभं असल्यासारखं दिसतं. गंमत म्हणजे आता बंद झालेल्या नागपूर-छिंदवाडा छोट्या लाइनचं (नॅरोगेजचं) गणित जमतं: ७६२ मिमीचे ८.८, आणि एनचा रूळ ९ चा. नागपुरातल्या मोतीबागच्या नॅरोगेज संग्रहालयात जाताना मोजपट्टी न्या.